वीस लाख लिटर पाणी, दहा ग्रॅम तेल

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेच्या पाण्यासाठी खणलेल्या शेततळ्यांत आता मासेही वाढतात. निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवड, कुठेही जा, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या काठावर माशांच्या खाद्याचे पोते दिसतेच. मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. राहते नाशिकच्या इंदिरानगरात, वडाळा-पाथर्डी रस्त्याजवळ. माझे कितीतरी विद्यार्थी बागाईतदारांच्या घरचे, त्यामुळे तळ्यात मर लागली की थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर मासे घेऊन कुणीतरी दारात उभे राहते. अलीकडे अशा भेटीत एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, अँटिबायोटिक नको म्हणता, मग लवंगाचं तेल टाकू का तळ्यात?"

प्रश्न योग्य आहे. वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी माशांना आजारी पाडणारे जिवाणू मरतात, हे जगभरच्या प्रयोगशाळांत दिसले आहे आणि मी स्वतःही पाहिले आहे. तळ्याकाठचे प्रतिजैविकांचे पुडे कमी व्हावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच ही तेले नीट वापरली जावीत, असा माझा आग्रह असतो. ती चुकीच्या पद्धतीने वापरली आणि गुण आला नाही, तर माणसे पुन्हा त्याच पुड्यांकडे वळतील आणि दुसऱ्यांदा तेलाचे नाव काढणार नाहीत. इतक्या वर्षांत जे हाताशी आले ते इथे मांडते.

१. तेल ओतण्याआधी पाण्याचा हिशेब करा

'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली. तिच्यातले सर्वांत मोठे तळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. बाजूंचा उतार वजा केला तरी त्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. आता माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा आणणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू घ्या. त्याची वाढ रोखायला लवंगतेलाची किती मात्रा लागते, हे जिवाणूच्या वाणावर आणि तेलाच्या प्रतीवर ठरते. हिशेबापुरती लिटरमागे ५०० मिलिग्रॅम धरू. २० लाख लिटरला झाले १,००० किलो. एक टन लवंगतेल.

फवारणीचा हिशेब बोटांवर असलेला बागाईतदार हा आकडा ऐकून गप्प होतो. पण खरी अडचण पैशाची नाही. लवंगतेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असते आणि युजेनॉल माशाला गुंगी आणते. लिटरमागे ४०-५० मिलिग्रॅम मात्रेतच मासा काही मिनिटांत तोल सोडून आडवा होतो. म्हणजे जिवाणूला लागणारी मात्रा येण्याच्या कितीतरी आधी मासा गेलेला असतो.

"मग थोडं टाकतो, दोन लिटर." हे पुढचे वाक्यही ठरलेले आहे. लवंगतेल पाण्यापेक्षा जड असते. बाटलीतून ओतले की त्याचे थेंब सरळ तळाशी जातात आणि कागदावर पडून राहतात. गवती चहाचे तेल उलट हलके, ते वर तवंग धरते. पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे श्वासासाठी वर येतात, नेमके त्या तवंगात. दोन्ही तेले पाण्यात मिसळत नाहीत. तळ्याच्या एका कोपऱ्यात विषारी मात्रा होते आणि उरलेल्या सगळ्या पाण्यात काहीच नसते.

लवंगतेलाच्या गुंगीचा एक चांगला उपयोग मात्र आहे. महिन्याला नमुना काढून माशांचे वजन करायचे असते. तेव्हा मासे जाळ्यात तडफडतात, खवले निघतात, आणि खवला निघालेली जागा म्हणजे जिवाणूला उघडे दार. १०० लिटरच्या ड्रममध्ये चार-पाच ग्रॅम लवंगतेल, आधी नऊपट अल्कोहोलमध्ये विरघळवून टाकले तर मासे शांत होतात. वजन झाले की स्वच्छ पाण्यात सोडायचे, थोड्या वेळात ते पोहू लागतात. मत्स्यसंशोधक हेच करतात. असे गुंगी दिलेले मासे लगेच बाजारात मात्र नेऊ नयेत.

२. तेलाची जागा खाद्यात आहे, आणि तीही आजार येण्याआधी

त्याच तळ्यात पाव किलोचे २,००० मासे आहेत असे समजा. एकूण वजन ५०० किलो. दिवसाला त्याच्या दोन टक्के खाद्य द्यायचे म्हणजे १० किलो. माशांवरच्या प्रयोगांत सुगंधी तेलाची मात्रा खाद्याच्या किलोमागे अर्ध्या ग्रॅमपासून काही ग्रॅमपर्यंत असते. एक ग्रॅम धरला तर दिवसाला १० ग्रॅम तेल लागते. पाण्यातून द्यायचे तर एक टन, खाद्यातून दिले तर दहा ग्रॅम. हा फरक ज्याला कळला त्याला या विषयातले निम्मे कळले.

एवढेसे तेल काय करते? माशाच्या आतड्यात ते जिवाणूंशी थेट भिडते, कारण तिथे त्याला २० लाख लिटरमध्ये विरळ व्हावे लागत नाही. शिवाय अशा खाद्यावर वाढलेल्या माशांच्या रक्तातली आणि अंगावरच्या बुळबुळीत थरातली लायसोझाइमसारखी संरक्षक द्रव्ये वाढल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. तिलापिया माशांना काही आठवडे असे खाद्य देऊन मग मुद्दाम एरोमोनास किंवा स्ट्रेप्टोकॉकसची लागण केली, तर साधे खाद्य खाल्लेल्या गटापेक्षा कमी मासे मरतात, असे निष्कर्ष पुष्कळ आहेत. 'काही आठवडे' हे शब्द इथे महत्त्वाचे. आजारी मासा पहिली गोष्ट करतो ती खाणे सोडण्याची. मग खाद्यात तेल घाला, प्रतिजैविक घाला की अमृत घाला, ते त्याच्या पोटात जाणार कसे? ते निरोगी मासे खातात आणि उरलेले तळाशी कुजते.

त्यामुळे तारखा पाहून चालावे लागते. आपल्याकडे तळ्याला तीन काळ वाईट. पहिला डिसेंबर-जानेवारी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एक आकडी आला की तळ्याचे पाणीही गारठते, माशाची भूक आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. पंगस माशाला तर थंडी अजिबात सोसत नाही. दुसरा काळ द्राक्षाच्या एप्रिल छाटणीनंतरचा. बागेला पाणी हवे असते, तळे उपसले जाते आणि तेवढेच मासे निम्म्या पाण्यात दाटीवाटीने राहतात. तिसरा पहिल्या पावसाचा. बांधावरून गढूळ पाणी उतरते आणि एका रात्रीत तापमान बदलते. या तिन्हींच्या दोन-तीन आठवडे आधी, मासे चवीने खात असताना, तेलाचे खाद्य सुरू करायचे असते.

माझा एक अनुभव असा की तळ्याची खरी खबर घरातल्या बाईला असते. जाळे टाकायला आणि मासे विकायला घरधनी पुढे असतो, पण अनेक घरी सकाळ-संध्याकाळ खाद्य टाकते ती त्याची बायको नाहीतर आई. "परवापासून निम्मं खाद्य तसंच तरंगतं," हे वाक्य तिच्याच तोंडून येते, आणि मर लागण्याच्या कितीतरी आधी येते. मी आता फोनवर आधी विचारते, "खाद्य कोण टाकतं? त्यांना फोन द्या."

३. मिसळताना घाई नको

सुगंधी तेल उडून जाते, त्याचा वास येतो तो म्हणूनच. कारखान्यात तरंगत्या खाद्याच्या गोळ्या १०० अंशांवरच्या वाफेतून आणि दाबातून निघतात. त्याआधी घातलेले तेल तिथेच बरेचसे संपते. म्हणून तेल तयार, थंड गोळ्यांवर चढवायचे. मोजलेले सुगंधी तेल थोड्या खाद्यतेलात नाहीतर माशाच्या तेलात मिसळावे, फवाऱ्याने गोळ्यांवर मारावे, वरून तांदळाच्या पातळ खळीचा किंवा जिलेटिनचा हात द्यावा, सावलीत सुकवावे आणि झाकणाच्या डब्यात ठेवून दोन-चार दिवसांत संपवावे. उन्हात वाळवलेल्या खाद्यात गोळी उरते, औषध उरत नाही. ग्रॅम मोजायला सोनाराच्या तागडीसारखा छोटा डिजिटल काटा घ्यावा. टोपणाने मोजू नये.

मात्रा वाढवली की गुण वाढतो, असे नाही. उग्र वासाने मासे खाद्य तोंडात घेऊन थुंकतात. लहान बोटुकलीला तर जास्त मात्रा सरळ बाधते.

४. तेलाच्या नावापेक्षा त्यात काय आहे ते विचारा

निंबोळीचे, करंजाचे, एरंडाचे तेल हे सुगंधी तेलांतले नव्हे. ती बियांतून पिळून काढलेली, न उडणारी तेले. इथे ज्यांबद्दल बोलतो आहोत ती पाने, साल, फुले, गवत यांतून वाफेने काढलेली तेले. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून ठेवा. शुद्ध सुगंधी तेल हळूहळू उडून जाते. तेलकट डाग कायम राहिला, तर त्यात स्वस्त तेल मिसळले आहे असे समजावे. ही घरगुती चाचणी पुरेशी नाही, पण ढोबळ भेसळ तिच्यात पकडली जाते.

जिवाणूंवर सर्वांत जोरकस चालतात ती फिनॉल गटातली द्रव्ये: ओव्यातले थायमॉल, ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल, लवंगेतले युजेनॉल. त्यांच्या जोडीला दालचिनीच्या सालीतले सिनॅमाल्डिहाइड आणि गवती चहातले सिट्रल. थायमॉल आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे. पोटदुखीला दोन थेंब घ्यायची अमृतधारा म्हणजे कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि ओव्याचे सत्त्व, आणि ओव्याचे सत्त्व म्हणजेच थायमॉल.

पण एकाच झाडाची दोन तेले वेगळी असू शकतात. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य, तर पानाच्या तेलात युजेनॉल. दुकानात दोघांवर 'दालचिनी तेल' एवढेच लिहिलेले असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' हा दालचिनीचा वाण दिला, त्याच्या झाडांची साल काढल्यानंतर पानांचा ढीग उरतो. त्या पानांचे तेल काढून माशांच्या खाद्यासाठी पाहायला हवे, असे मला नेहमी वाटते.

आणि रोशा. हे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या शेजारच्या खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात, रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात भट्ट्या लावून काढले जाई. ते मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढे तुर्कस्तानात जाई. तिथे ते महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत, कारण गुलाबाच्या वासातले जिरॅनिऑल रोशात भरपूर, ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत असते. हेच जिरॅनिऑल जिवाणूंनाही रोखते. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. जिरॅनिऑल जास्त असते ते मोतियात. सटाण्यापासून काही तासांच्या वाटेवर उगवणारे हे गवत. त्याचे तेल शेजारच्याच तळ्यातल्या रोहूला उपयोगी पडते का, हे कुणी विद्यार्थ्याने प्रबंधाला घ्यावे. मार्गदर्शन मी आनंदाने करीन.

५. काचेच्या थाळीतला घेरा म्हणजे तळे नव्हे

प्रयोगशाळेत आगर भरलेल्या थाळीवर जिवाणू पसरतात, मध्ये तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ घेरा दिसतो. औषध विकणारे या घेऱ्याचे रंगीत फोटो दाखवतात. फोटो खोटे नसतात. तरी त्यांवर एवढा भरवसा ठेवू नये. आगर पाणीदार आणि तेल पाण्याला न जुमानणारे, त्यामुळे चांगले तेलही कधी लहान घेरा देते. उलट, उडणारी वाफ कधी मोठा घेरा देते. द्रव माध्यमात तेल नीट फेटून घेतलेली चाचणी जास्त विश्वासाची.

तेल मारते कसे, हेही कळले पाहिजे. थायमॉल, युजेनॉलसारखी द्रव्ये जिवाणूच्या पेशीच्या पातळ पडद्यात घुसतात आणि तो गळका करतात. आतले क्षार आणि ऊर्जेचे रेणू बाहेर वाहतात, पेशीचा कारभार बंद पडतो. स्ट्रेप्टोकॉकससारख्या जिवाणूला हा एकच पडदा असतो. एरोमोनास, एडवर्डसिएला, स्यूडोमोनास यांच्या पडद्याबाहेर आणखी एक आवरण असते, म्हणून ते जास्त चिवट. त्यातही स्यूडोमोनास तर या तेलांना दाद न देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तेलात अनेक द्रव्ये एकत्र असल्यामुळे जिवाणूला त्यांची सवय लागणे प्रतिजैविकापेक्षा अवघड असते, पण अशक्य नसते. कमी मात्रेत सतत राहिल्याने जिवाणूंची सहनशक्ती वाढल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून बारा महिने तेलाचे खाद्य देऊ नये. जोखमीच्या काळात द्यावे आणि थांबवावे.

६. लाल जखम दिसली म्हणजे जिवाणूच, असे नाही

डब्यातून येणाऱ्या माशांत एरोमोनास असतो हे खरे, पण एरोमोनास गोड्या पाण्यात एरवीही असतोच. तो संधी पाहून घुसतो. आधी कुणी दार उघडले, हे शोधावे लागते. अंगावर चपट्या, हिरवट, हलणाऱ्या चकत्या चिकटलेल्या दिसल्या तर त्या माशाच्या उवा, अर्ग्युलस. मासे कागदाला अंग घासतात, जखमा होतात, मग जिवाणू येतो. उवा राहिल्या तर तेलाच्या खाद्याने काही होणार नाही. हिवाळ्यातल्या खोल, मांस खाल्लेल्या जखमा अनेकदा अफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जीवाच्या असतात. हा रोग १९८८ मध्ये ईशान्य भारतातून देशात शिरला आणि राज्याराज्यांत पसरला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर 'सिफॅक्स' हे औषध काढले. तिलापियाच्या तळ्यांत विषाणूचाही रोग येतो, आणि तिथे लवंग, ओवा, प्रतिजैविक सगळेच निरुपयोगी.

म्हणून तपासणी. पाण्यावर तरंगणारा, फुगलेला मासा आणू नका. मेलेल्या माशात काही तासांत सगळेच जिवाणू शिरतात आणि खरा गुन्हेगार कोण ते सांगता येत नाही. मरणपंथाला लागलेला पण अजून कल्ले हलवणारा मासा पिशवीत घालून बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोहोचवा. आम्ही जिवाणू शोधतो तो त्याच्या मूत्रपिंडात, जखमेवर नाही. मुंबईच्या वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय आहे, आणि २०२३ पासून केंद्र सरकारचे 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲपही आहे. तेलाच्या बाटलीआधी तिथे फोन जावा.

७. पाणी बिघडलेले असेल तर बाटली उघडू नका

कागदी तळ्याला माती नसते. खाली साचलेले खाद्य आणि विष्ठा जिरवायला कुणी नसते. अमोनिया वाढतो, पहाटे प्राणवायू तळ गाठतो. अशा पाण्यात मासा आजारी पडणारच. एरेटर, तळाचे पाणी बदलणे, खाद्य निम्म्यावर आणणे, एवढ्यानेच कितीतरी वेळा मर थांबलेली मी पाहिली आहे. आणखी एक गोष्ट द्राक्षाच्या भागाची: बागेतली बोर्डोची, म्हणजे तांबे असलेल्या मिश्रणाची फवारणी. तांबे माशाला फार थोड्या प्रमाणात बाधते. तळे बागेच्या खालच्या अंगाला असेल, तर मेलेल्या माशांत जिवाणू शोधण्याआधी मी फवारणीची तारीख विचारते.

८. प्रतिजैविक द्राक्षातल्या अंशासारखेच पाहा

इथे मला थोडे जास्त बोलायचे आहे.

मर लागली की जनावरांच्या औषधांच्या दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिनचे पुडे येतात आणि तळ्यात ओतले जातात. वीस लाख लिटरचा हिशेब तिथेही तोच. शिवाय हे औषध कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसते, त्यामुळे आपल्या बोअरच्या जड पाण्यात त्याचा जोर आणखी उतरतो. मासा बरा होत नाही, पण तळ्यातले सगळे जिवाणू कमी मात्रेच्या औषधात दिवसेंदिवस राहतात आणि त्यातले निर्ढावलेले तेवढे उरतात. एरोमोनास तर ॲम्पिसिलिनला जन्मतःच दाद देत नाही. त्याला आणखी शिकवायची गरज नाही.

हे जिवाणू माशापुरते राहत नाहीत. मासे साफ करताना बोटाला काटा लागला की एरोमोनास माणसाच्या जखमेतही वाढतो. २०१५ मध्ये सिंगापुरात गोड्या पाण्यातली मासळी कच्ची खाल्ल्यामुळे स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टियाची साथ आली होती, आणि तिलापियाला मारणारा जिवाणूही हाच. आपण मासे शिजवून खातो म्हणून ताटातला धोका कमी. पण विळीवर मासे कापणाऱ्या बाईच्या हातांना तो आहे. तिची जखम चिघळली आणि साधे औषध लागू पडले नाही, तर त्याचे मूळ कुठल्या तरी तळ्यात असू शकते, हा विचार मला झोपू देत नाही.

नाशिकच्या शेतकऱ्याला हे समजावणे खरे तर सोपे असायला हवे. २०१० च्या हंगामात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि युरोपात कंटेनर अडकले. त्या वर्षी बुडालेली घरे आजही तो हंगाम विसरलेली नाहीत. त्यानंतर काढणीपूर्व कालावधी, अंश, मर्यादा हे शब्द इथल्या बांधाबांधावर बोलले जाऊ लागले. तोच माणूस पन्नास फुटांवरच्या तळ्यात पुडा ओततो तेव्हा त्याच्या मनात अंशाचा विचार येत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत माशातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना तर पूर्ण बंदी. २०१९ मध्ये कोलिस्टिनही अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत वापरायला मनाई झाली. युरोपने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले, आणि ओरेगॅनोसारख्या तेलांवरचे संशोधन तिथे जोरात चालण्याचे एक मोठे कारण तेच.

९. 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लिहिलेल्या बाटलीला चार प्रश्न विचारा

कोणत्या झाडाचे तेल, आणि पान की साल? मुख्य द्रव्य किती टक्के? कोणत्या माशावर, कोणत्या जिवाणूविरुद्ध, किती मात्रेत पाहिले? खाद्यात घालायचे की पाण्यात? चौथ्याचे उत्तर "कशातही चालतं" असे आले, तर बाटली परत ठेवावी. एका कंपनीच्या बाटलीवर तेलांची नावे होती, प्रमाण एकाचेही नव्हते, आणि मात्रा 'एकरी एक लिटर' अशी छापली होती. तळ्याची खोली न विचारता एकरावर मात्रा सांगणाऱ्याला पाण्याचा हिशेब करायचाच नसतो. वनस्पतीतून आले म्हणून निरुपद्रवी, हा समज मी वर्गातही खोडत आले. युजेनॉल माशाला झोपवते, तेही वनस्पतीतूनच येते.

१०. आपल्या तळ्यांतला पुरावा आपणच गोळा करायला हवा

तिलापियावरचे बरेच प्रयोग काचेच्या टाक्यांत, ठरलेल्या तापमानात होतात. कुंदेवाडीची थंडी, एप्रिल छाटणीला उपसलेले तळे आणि बोअरचे जड पाणी त्या टाक्यांत नसते. द्राक्षासाठी मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दरवर्षी कोणते औषध, किती, काढणीच्या किती दिवस आधी, याची यादी देते. माशांसाठी अशी यादी शेतकऱ्याच्या खिशात असायला हवी. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. आता शेतीला मिळते तशी सल्ल्याची व्यवस्था माशांनाही मागायची वेळ आहे.

तोवर ज्यांच्याकडे शेजारी-शेजारी दोन तळी आहेत त्यांना मी एक विनंती करते. दोन्हीत एकाच दिवशी, एकाच ठिकाणचे मत्स्यबीज, सारख्या संख्येने सोडा. एकाला साधे खाद्य, दुसऱ्याला डिसेंबर आणि एप्रिलच्या आधी तीन आठवडे तेलाचे खाद्य. साध्या खाद्यावरही तेवढेच खाद्यतेल आणि तीच खळ चढवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. एका वहीत रोज लिहा: पाण्याचे सकाळचे तापमान, टाकलेले खाद्य, उरलेले खाद्य, मेलेले मासे, फवारणीची तारीख, तळ्यातून उपसलेले पाणी. महिन्याला दोन्हीकडच्या तेवढ्याच माशांचे वजन. वही खाद्य टाकणाऱ्या बाईच्या हाती द्या. गुण आला तर लिहा, नाही आला तरी लिहा. अशी वही भरली की ती घेऊन इंदिरानगरला या. मासे आणले नाहीत तरी चालेल.